काठाला काळा रंग

घरात इकडची काडी तिकडे न करणारा नवरा एकाएकी कामसू झाला, तर बायकोला आनंद व्हायला हवा. हिला धास्ती वाटली. आणि चुकलं काय तिचं? चहा पिऊन झाला की कप जिथल्या तिथे सोडणारा हा बाबा, आणि एके दिवशी म्हणतो कसा, काठ मी घासतो, तू बस.

काठ म्हणजे काय, तर ऐका. नवरा घराच्या मागच्या खोलीत मोटरसायकलचे सुटे भाग बनवायचा. साच्याला मेण लावायचं, त्यात कार्बनचं काळं कापड थरावर थर बसवायचं, प्रत्येक थराला रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, पाजायचं, वरून प्लास्टिकची पिशवी घालून पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. भाग कडक होऊन साच्यातून निघाला की त्याचे काठ नुसते ओबडधोबड. ते कापून, पाणी सोडून पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचं काम पहिल्यापासून हिचं. शर्यतीच्या मैदानावर गाड्या पळवणारी पोरं लांबून लांबून भाग मागवायची, आणि खोक्यात जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरायचा तो हिचाच.

आता मात्र नवरा काठ स्वतः घासायचा आणि वर त्यांना काळा रंग फासायचा. अरे, कार्बन मुळातच काळा, त्याला आणखी काळं कशाला फासायचं? हिने विचारलं, तर म्हणे नवीन फिनिशिंग आहे, गिऱ्हाइकांना आवडतं. भाग हाताला जड लागतो म्हणाली, तर म्हणे कापड रेझिन जास्त प्यायलं. त्याचे शर्ट धुताना तिच्या मनगटांना खाज सुटायची. ती काचेच्या तंतूंची खाज, एवढं कळायला तिने काय थोडं घासकाम केलं होतं? त्यावर म्हणे फायबरग्लासचे नवे साचे करतोय. प्रत्येक उत्तर पटण्यासारखं, आणि नेमकं त्यानेच तिचं डोकं फिरायचं. खोटं बोलणारा माणूस एरवी कुठेतरी अडखळतो तरी. हा मेला अडखळतही नव्हता.

कुठेतरी पाणी मुरत होतं खास. आणि ते मुरून चालणार नव्हतं, कारण सगळ्यात जास्त मागणी होती ती शेपटीला. शेपटी म्हणजे सीटखालचा मागचा भाग. साध्या गाडीत त्याच्या आत लोखंडी सांगाडा असतो, शर्यतीच्या गाडीत तो काढून टाकतात, म्हणजे चालवणाऱ्याचा सगळा भार शेपटीवरच. निव्वळ कार्बनची असली तर पेलते. आत काचेच्या तंतूंचं स्वस्त कापड भरलेलं असलं तर ती बोल्टच्या भोकांपाशी हळूहळू तडकत जाते, आणि एखाद्या वळणावर भरधाव असताना मोडते. हे तिला शिकवलं कुणी? यानेच, लग्नानंतर पहिल्या वर्षी, कौतुकाने समोर बसवून.

एका सकाळी नवरा रेझिन आणायला बाजारात गेला, तशी तिने एका शर्यतवाल्या पोराला पाठवायला बांधलेलं खोकं उघडलं. शेपटी उलटी केली, सीटखाली झाकली जाईल अशा जागी काठावर कानस चालवली. रंग उडाला. वर काळी रेघ, खाली काळी रेघ आणि मध्ये हिरवट पांढरा जाड थर, क्रीमच्या बिस्किटासारखा. ती तशीच मोरीच्या कट्ट्यावर टेकली.

पण बाईचं मन मोठं वकिली असतं हो. नवऱ्याची बाजू मांडायला लगेच उभं राहिलं. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. काच घालूनही टिकते असं त्याने पारखून बघितलं असेल. सांगायला लाजला असेल. मग तिची नजर अंगणात गेली. तिथे लेकीची गाडी उभी होती. लेक सुटीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर गाडी पळवायला जायची, आणि तिच्या गाडीला याने मागच्याच महिन्यात नवी शेपटी बसवली होती. तिच्याही काठाला काळा रंग होता.

कानस घेऊन ती गाडीपाशी गेली. आतून पांढरं निघू दे, असं ती मनात घोकत होती. कुठली आई असं मागेल? पण पांढरं निघालं तर त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास आहे, एवढं तरी खरं ठरलं असतं. मग भांडता आलं असतं, समजावता आलं असतं.

तिने घासलं. काळं निघालं. आणखी खोल घासलं, तरी काळंच. वरपासून खालपर्यंत कुठे केसभर पांढरं नाही. आपल्या लेकीच्या जिवाला धोका नाही हे कळल्यावर तिला रडू फुटलं.

नवरा परत आला तेव्हा ती तिथेच बसली होती. त्याने कानस बघितली, गाडीच्या शेपटीवरचा ओरखडा बघितला आणि चटकन म्हणाला, "अगं, हिला कशाला हात लावलास? ही चांगली आहे."

"तेच बघितलं," ती म्हणाली.

मग त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. कार्बनचं कापड केवढं महाग झालंय, सगळेच असं करतात, दिसायला तर कुठे फरक दिसतो, असं बरंच काही तो बोलत राहिला. तिने आत जाऊन खोक्यातली शेपटी आणली, त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पाना त्याच्या हातात दिला.

"ही बसवा लेकीच्या गाडीला," ती म्हणाली. "आणि तिची त्या पोराला पाठवा."

त्याने शेपटीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. पाना हातात तसाच राहिला. त्याने एक बोल्टही सैल केला नाही.

ती मग आत गेली आणि ज्यांच्याकडे शेपट्या पोचल्या होत्या, त्या एकेका पोराला फोन लावायला बसली.