दुपारच्या नमाजाआधी

पाच दिवसांत बिश्केक ते ओश ही माझी चौथी खेप. पहाटे चावीला हात लावला तेव्हाच अंग म्हणत होतं, एसेनबेक, आज नको. पण अंगाचं ऐकणारा माणूस टॅक्सी चालवत नाही.

प्रवासी दोनच होते. मागच्या उरलेल्या जागा एका व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठोड्यांनी अडवल्या होत्या. वयाचा मान म्हणून पुढची जागा जुमादिल अक्साकालची, म्हणजे जुमादिल आजोबांची. पांढरी दाढी, डोक्यावर नमद्याची उंच टोपी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मागे गाठोड्यांना टेकून अनारकुल नावाची पस्तिशीची बाई. तिचे डोळे सुजलेले होते.

"बाइके, दादा, जरा लवकर चला," ती म्हणाली. "ओशला आई दवाखान्यात आहे. काल भावाचा फोन आला. नुसतं ये म्हणाला, बाकी काही सांगेना."

मी आणि अक्साकालने एकमेकांकडे पाहिलं. नुसतं 'ये' म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मरणाची बातमी फोनवर, वाटेत, कुणीही उठून सांगायची नसते. माणसाला घरी आणायचं, चार वडीलधाऱ्यांनी भोवती बसायचं, मग सांगायचं.

तू-आशूच्या घाटात ट्रकांमागे रांगत चढलो. बोगद्यात धुराने डोळे आणखी चुरचुरले. जांभई दिली की अक्साकाल गुडघ्यावर थापटी मारायचा.

"गाडी तू चालवतोस की गाडी तुला चालवते?"

"अक्साकाल, जांभई तरी देऊ द्या. तिचे वेगळे पैसे घेत नाही मी."

"दे की. पण डोळे उघडे ठेवून दे."

सुसामीरच्या पठारावर उतरलो की रस्त्याकडेच्या पहिल्या तंबूत मी अर्धा तास आडवा होतो. सगळ्यांना माहीत आहे, तंबूवाल्या बाईलाही. ती प्रवाशांना घोडीचं आंबवलेलं दूध देते आणि माझ्या अंगावर रजई टाकते. त्या दिवशीही फोन गाडीत चार्जिंगला लावून मी जो पडलो तो मेलोच. दहा मिनिटं झाली नसतील तोच अक्साकालने पायाला धरून हलवलं.

"ऊठ बालाम, ऊठ पोरा. बाहेर ये."

मी चिडलो होतो. शिवी अगदी ओठांवर आली होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि गिळली. तंबूमागे नेऊन तो हळू आवाजात म्हणाला, "आपल्या गाडीतल्या एका लेकराची आई पहाटे गेली. दुपारच्या नमाजानंतर माती देणार आहेत. घर वाटेवरच आहे, ते मी दाखवीन. लेकराला काही ठाऊक नाही. तू नावही काढायचं नाहीस."

मी गाडीकडे पाहिलं. अनारकुल दाराला टेकून डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होती. 

"ओशला दवाखान्यात आहे म्हणत होती ना?"

"प्रश्न विचारू नकोस. पोचवशील का नमाजाआधी?"

"पोचवीन."

"आणि फोन माझ्याकडे राहू दे. माझा बंद पडलाय, मला मुलांशी बोलायचंय."

मला फोनची नाही, झोपेची पडली होती. तोंडावर थंड पाणी मारून गाडी सुरू केली.

जून म्हणजे मेंढ्या वर न्यायचे दिवस. मैलभर रस्ता पांढरा झाला होता. मी हॉर्नवर हात आपटला, मेंढ्या ढिम्म हलल्या नाहीत. अक्साकाल उतरून मेंढपाळाच्या घोड्यापाशी गेला, काहीतरी बोलला. मेंढपाळाने आमच्या काचेकडे पाहिलं, दुआ म्हणत दोन्ही तळवे उघडून चेहऱ्यावरून फिरवले आणि घोडा कळपात घातला. पाच मिनिटांत वाट मोकळी. बिचारी मागे मान खाली घालून बसली होती. बरं झालं, तिने पाहिलं नाही, असं मला वाटलं.

अला-बेलच्या माथ्यावर बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. रस्ता निसरडा, माझे खांदे दगडासारखे झालेले. तरी उतारावर मी गाडी हाणली. या घाटात मी कधी इतका जोरात उतरलो नव्हतो. अक्साकाल एरवी ओरडला असता. तो नुसता ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होता. एकदा मात्र म्हणाला, "सावकाश, बालाम. पोचायचं आहे."

चिचकानच्या दरीत मधाच्या टपऱ्यांपाशीही थांबलो नाही. अनारकुलने मागून पाव आणि साखरेचा खडा पुढे केला.

"खा बाइके. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही."

हिच्यावर आभाळ कोसळलंय आणि ही मला भरवतेय! मला राहवलं नाही. आरशात बघत म्हणालो, "ताई, रागावू नका, पण शहरात गेलेली पोरं आईबापांना विसरतात. तुम्ही आधीच यायला हवं होतं."

ती हुंदका देऊन रडायला लागली. अक्साकाल माझ्यावर खेकसला, "गप्प बस, गाढवा!"

मनात स्वतःलाच शिव्या दिल्या. मी तरी कुठला शहाणा? आमचं गाव तोक्तोगुलच्या तलावाकाठी, याच रस्त्यावरून दिसणारं. हिवाळ्यापासून मी तिथे उतरलो नव्हतो. जाताना घाई, येताना झोप. आई फोनवर म्हणायची, चहा पिऊन जा रे. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

तलावाचं निळं पाणी दिसलं तेव्हा दुपारचा एक वाजायला आला होता. अक्साकाल म्हणाला, "डावीकडे वळ."

"अक्साकाल, हे आमचं गाव."

"वळ."

मी वळलो. म्हणजे ही आमच्या गावची? कुणाची लेक? बेक्तुरची तर नव्हे. वरच्या आळीतल्या सायराची? ती तर कधीच वारली. आमच्या गावात माणूस जातं आणि मला कुणी कळवत नाही, याचाच मला राग आला. फोन खिशात घालून बसलाय म्हातारा, मला कळवणार तरी कसं!

एवढं मनात आलं तोच अक्साकाल 'थांब' म्हणाला. गाडी आमच्या दारापाशी होती. अंगणात नमद्याचा तंबू उभा केलेला. त्याच्या बाहेर माझा धाकटा भाऊ तुरात कमरेला सुतकाचा पट्टा बांधून, काठीवर वाकून मोठ्याने रडत होता. चार म्हातारे फाटकातून बाहेर आले. ते मागच्या दाराकडे गेले नाहीत. माझ्या दाराकडे आले.

अक्साकालने माझ्या हातांवर हात ठेवला. "तू झोपला होतास तेव्हा तुझ्या भावाचा फोन आला. घाटात तुला कसं सांगणार होतो? ऊठ, बालाम. आईपाशी जा. अजून नेलेलं नाही."

आमच्यात मुलाने 'आपाम, आपाम', माझी आई, असा टाहो फोडत घराकडे धावायचं असतं. माझ्या घशातून आवाजच निघेना. म्हाताऱ्यांनी धरून चालवत नेलं. आईचा चेहरा पाहिला. लहानसा झाला होता. मग आवाज फुटला, आणि थांबेना.

मला बाहेर आणलं तेव्हा अनारकुल फाटकाशी उभी होती. सुसामीरला म्हाताऱ्याने तिलाही सगळं सांगितलं होतं. चालक इथेच राहणार, गाडी इथेच थांबणार, हे तिला तिथेच कळलं होतं. त्या तंबूपाशी दुसऱ्या टॅक्सीत बसली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. ती बसली नाही. माझ्या मागे बसून मला पाव दिला.

मी कमरेला पट्टा बांधत होतो. तसाच गाडीपाशी गेलो, चावी काढली आणि चुलतभाऊ मरातच्या हातात कोंबली. तो गोंधळला. "दादा, नमाज व्हायचाय, माती द्यायचीय. नंतर नेतो की."

"आत्ता ने," मी म्हणालो. "हिची आई अजून आहे."