फोटोची पाठ

सरळच सांगते, डोरीनचा फोन आला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. ती फोन करायची म्हणजे तिला काहीतरी सापडलेलं असायचं.

एकतीस वर्षं मी बेसबॉलचे जुने फोटो जमवतेय. आमच्या हॅरोबर्गमधली आणि नदीकाठच्या गावांतली जुन्या सामानाची एकही गॅरेज-विक्री सोडली नाही. मेलेल्या माणसांच्या माळ्यांवर गुडघे फोडून घेतले, उंदरांनी कुरतडलेली खोकी उपसली. आणि ही डोरीन पेटीबोन! चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ केले, रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून दोन वर्षांपूर्वी जुने फोटो जमवणाऱ्यांच्या आमच्या क्लबात आली. पहिल्याच महिन्यात बाईंना बिस्किटांच्या डब्यात शंभर वर्षांपूर्वीची खेळाडूंची कार्डं मिळाली. वर मला सांगते कशी, "अगं आर्डिथ, मी तर बटणं शोधत होते!"

बटणं म्हणे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मार्चमध्ये फायर स्टेशनच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन असतं. सर्वांत चांगल्या फोटोला निळी फीत. ओळीनं नऊ वर्षं ती फीत माझ्या घरी आली. गेल्या वर्षी डोरीननं नेली, आणि नेताना मला मिठी मारली.

पण फीत गेली खड्ड्यात. मला खरं हवं होतं ते वेगळंच. माझे आजोबा एमेट क्रेसलर इथल्या चिनीमातीच्या कारखान्यात होते. कारखान्याची टीम होती, आणि आजोबा म्हणायचे, १९०८ साली मी त्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होतो. पुढच्याच हिवाळ्यात यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तीन बोटांचा म्हातारा पिचर होता यावर कोण विश्वास ठेवणार? न्हाव्याच्या दुकानात लोक त्यांच्याकडे चेंडू फेकायचे आणि खो खो हसायचे. मी आठ वर्षांची होते. "मी फोटो शोधून यांच्या नाकावर टिच्चून दाखवीन," असं मी त्यांना सांगितलं होतं. तो फोटो मला कधीच मिळाला नाही. क्लबात ही गोष्ट सांगितली तर तिथेही "आर्डिथचा तीनबोट्या" म्हणून चेष्टा झाली, तेव्हा मी ती सांगणंच सोडलं. डोरीन यायच्या कितीतरी आधी.

प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी मी बटाटे सोलत होते, आणि फोन वाजला.

"आर्डिथ, बसली आहेस ना? नसलीस तर बस! चर्चच्या विक्रीत मांजरीच्या चित्राची फ्रेम घेतली, नातीसाठी. मागचा पुठ्ठा काढला तर आत काय असावं?"

"काय?" मी म्हटलं. मला ऐकायचंच नव्हतं.

"टीमचा फोटो! जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, अकरा जण, छातीवर नुसता एच. कुठला तरी कारखाना असेल. इतका स्वच्छ की कालच काढल्यासारखा!"

एच काय, हॅमिल्टनचा असेल, हंटिंग्टनचा असेल. मी विचारलंही नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तिच्या भिंतीवरची दुसरी निळी फीत होती. मांजरीच्या मागे! मी एकतीस वर्षं मांजरीच्या मागे बघितलं नाही, ही चूक माझीच का?

"फक्त एकच घाण आहे गं," ती म्हणाली. "पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं खरडलंय. ठेवू की पुसू? तुला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही बाई."

आमच्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल की फोटोच्या पाठीला हात लावायचा नाही. आम्ही फोटो हातात आला की आधी उलटा करतो, चेहरे नंतर बघतो. शिक्का, तारीख, कुणाच्या बायकोनं लिहिलेलं काहीबाही, तोच फोटोचा जन्मदाखला. पाठ पुसलेला फोटो म्हणजे बेवारस. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"नावं-बिवं दिसतायत. थांब, चष्मा कुठे ठेवला मेला..."

"राहू दे," मी म्हटलं. "नावांना कोण विचारतं? पाठ कशी कोरी हवी. पूस."

"सगळं?"

"सगळं. आणि नीट पूस."

फोन ठेवला आणि बटाटे सोलायला लागले. वाईट वाटलं का? छे! मला इतकं हलकं वाटत होतं की मी शीळ घालत होते.

शनिवारी हॉलवर पोचले तर डोरीनच्या टेबलाभोवती हीऽ गर्दी. हातात डोनट घेऊन माणसं वाकून बघत होती. मी मुद्दाम आधी कॉफी घेतली, कोट काढला, दोघांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मगच तिकडे गेले.

अकरा तरुण. पाच बसलेले, सहा मागे उभे. आणि त्यांच्या मागे बाटलीच्या आकाराची विटांची भट्टी, मानेपाशी तडा गेलेली. त्या भट्टीच्या सावलीत मी लहानपणी खेळलेय. तो तडा मी झोपेतसुद्धा ओळखीन. ती आमच्या कारखान्याची भट्टी होती. तो एच हॅरोबर्गचा होता.

मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात आमचे परीक्षक होबार्ट लिंडक्विस्ट आले. वय ब्याऐंशी, पण नजर घारीची. त्यांनी रीतीप्रमाणे फोटो आधी उलटा केला, आणि तसेच थांबले. पाठ दुधासारखी पांढरी होती.

"हे कुणी केलं?"

"मी!" डोरीन खुलून म्हणाली. "दोन दिवस बसले होते. आधी रबर, मग ओला कापूस. दातांच्या फटी साफ करायचा सराव, होबार्ट! आर्डिथनं सांगितलं म्हणून, नाहीतर मला मेलीला कुठलं कळायला."

होबार्टनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून टॉर्च काढला, पुठ्ठ्यावर तिरपा धरला, कुठे पेन्सिलीचा दाब उमटलाय का ते इंच इंच बघितलं. काहीच नव्हतं. डोरीन कामात कधीच कमी पडत नाही.

"काय लिहिलं होतं, आठवतंय?" त्यांनी तिला विचारलं.

"नावं होती, बारीक बारीक, ज्याच्या-त्याच्या जागेप्रमाणे लिहिलेली. चष्मा नंतर सापडला हो, तोवर बहुतेक पुसून झालं होतं." ती जरा गोंधळली. "पण एका नावाखाली काहीतरी गमतीचं होतं. नाव गेलेलं, खालचं तेवढं राहिलेलं. 'पिचर. बोटं जाण्याआधी.' मी म्हटलं, कसली बोटं? फोन करून विचारणार होते आर्डिथला, पण ती त्या दिवशी घाईत होती."

होबार्टनी टॉर्च बंद केला. डोरीन सोडून टेबलाभोवतीच्या सगळ्यांना आजोबांची ती गोष्ट ठाऊक होती. पूर्वी चेष्टा करणारा एकही जण हसला नाही.

"काय झालं?" डोरीन म्हणाली. "मी काही चुकीचं केलं का?"

"तू नाही," मी म्हटलं. "मी केलं. मला माहीत होतं पुसायचं नसतं. तुला मिळालं म्हणून मी जळले, डोरीन. मुद्दाम सांगितलं. ते माझे आजोबा होते."

मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं तिनं. तिचा चेहरा पडला, आणि मग तिनं होबार्टच्या हातून फोटो घेतला, सुलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"कोणते गं?" तिनं विचारलं. "दाखव तरी. यातले कोणते?"

"पिचर कुठल्या जागी लिहिलं होतं? आठव ना."

"मधेच कुठेतरी... मी कडेकडेनं गोल पुसत गेले गं. उलटसुलट सगळं डोक्यात गोंधळलंय."

माझ्याकडे आजोबांचा एकच फोटो आहे, साठीचा, छातीपर्यंत दाढी असलेला. इथे एकालाही दाढी नव्हती. चेंडू कुणाच्याच हातात नव्हता, पुढे गवतात पडला होता. मी चष्मा पुसला आणि हात बघायला लागले. आजोबांना मी हातावरून कुठेही ओळखलं असतं. पहिला, दुसरा, तिसरा. बसलेल्यांचे हात गुडघ्यांवर होते, उभ्या असलेल्यांचे एकमेकांच्या खांद्यांवर. मी एकेक बोट मोजत शेवटच्या माणसापर्यंत गेले.

अकराही जणांची बोटं शाबूत होती.