राज्य आईवर

"रडणारं पोर हरवत नाही गं, न रडणारं हरवतं," असं आत्याबाई म्हणाल्या, तेव्हा आई बाळाच्या ढेकराची वाट बघत होती. आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. बाळ बघायला आल्या आणि जाताना चपला घालता घालता हे वाक्य दारात ठेवून गेल्या. तिने ते तिथूनच बाहेर लोटलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात हरवणार कोण आणि कुठे? शिवाय बाळ तर घर डोक्यावर घेऊन रडायचं. म्हणजे काळजीचं कारणच नाही.

पण काळजीचं कारण नसलं की तिला चुकल्याचुकल्यासारखं होई. ती शिकलेली होती, आणि मुलांच्या वाढीवरची पुस्तकं तिने परीक्षेला बसायचं असल्यासारखी वाचली होती. मान धरली का, पालथं पडलं का, आईला बघून हसतं का. बाळ पंख्याला बघून जास्त हसायचं. त्या काळजीत तिचा एक आठवडा गेला.

मोठीची मात्र काळजी नव्हती. मोठी चार वर्षांची. बाळ येईपर्यंत तिला सगळे ठमी म्हणत. बाळ आलं त्या दिवसापासून ती 'ताई' झाली. बढती मिळाली, पगारवाढ नाही. ठमी मोजा उलटा गेला म्हणून जमिनीवर लोळण घ्यायची. ताई मोजे आपले आपण घालायची, बाळाची दुपटी आणून द्यायची आणि काही हवंय का विचारलं, तर "काही नको" म्हणायची. येणारेजाणारे म्हणत, काय गुणाची पोर आहे. आईही म्हणे.

एके दिवशी रुमालाचा प्रयोग चालला होता. बाळासमोर खुळखुळा ठेवायचा आणि त्यावर रुमाल टाकायचा. तान्ह्या बाळाला वाटतं, दिसत नाही ती वस्तू संपली. पुढे कधीतरी त्याला उमजतं की दिसली नाही तरी ती असते, आणि मग ते रुमाल ओढतं. आपलं बाळ रुमाल का ओढत नाही, या विवंचनेत ती बसली होती.

"आई, लपाछपी खेळू. राज्य तुझ्यावर."

"हो."

"बाळ लिंबूटिंबू. मी नाही हं लिंबूटिंबू."

"हो गं ताई. लप तू."

ताई पळाली. आईने डोळे मिटून मोठ्याने आकडे म्हणायला घेतले. आठपर्यंत आली आणि सवयीने एक डोळा उघडला, तर बाळाचा हात रुमालाकडे चालला होता. नऊ आणि दहा राहूनच गेले.

बाळाने रुमाल तोंडात घातला. पुन्हा खुळखुळा, पुन्हा रुमाल. बाळ पंख्याकडे बघून हसलं, मग रडलं. त्याला पाजलं, त्याचे कपडे बदलले, पुन्हा बसवलं. खिडकीतलं ऊन सरकत भिंतीवर चढलं, तेव्हा कुठे बाळाने रुमाल ओढला, खुळखुळा उचलला आणि यात एवढं काय होतं, अशा नजरेने आईकडे बघितलं. तिने लगेच नवऱ्याला कामावर फोन लावला.

"ओढला."

"काय ओढला?"

"रुमाल. दिसत नसला तरी खुळखुळा आहे, हे कळलं त्याला."

"वा. आणि ठमी काय करतेय?"

"ती शहाणी आहे. खेळत असेल."

"कुठे?"

तिने फोन पलंगावर ठेवला आणि हाक मारली, "ताई." मग जरा मोठ्याने, "ए ताई." घर गप्प होतं, आणि ते कधीपासून गप्प आहे हे तिला सांगता आलं नसतं. दाराची वरची कडी लावलेली होती. गॅलरीतून खाली वाकून बघायला तिला दोनदा छाती करावी लागली. खाली एक सायकल होती आणि सीटवर मांजर. तिने न्हाणीघरातल्या बादलीतसुद्धा पाहिलं. चार वर्षांचं मूल त्या बादलीत मावत नाही, हे तिला माहीत होतं. पलंगावर फोनमधून नवरा अजून "कुठे?" म्हणत होता.

"ठमे," ती म्हणाली.

"असं हाका मारून नसतं शोधायचं," पलंगाखालून उत्तर आलं.

बॅगेच्या मागे, भिंतीला लागून, ठमी पालथी पडली होती. फ्रॉक ओला होता आणि खाली बाळाचं दुपटं अंथरलेलं होतं.

"शू झाली. पण फरशी नाही भिजली."

"अगं, मग बाहेर नाही का यायचं?"

"तू शोधत होतीस ना."

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. आई बॅग सरकवून आत शिरली आणि तिच्या शेजारी पालथी झाली.

"नाही गं. मी विसरले."

ठमीने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि मग भोकाड पसरलं. बाळ आल्यापासूनचं सगळं एकदमच बाहेर निघालं, लाथांसकट. वर बाळाने साथ धरली. पुस्तकाच्या हिशोबाने ही पीछेहाट होती. आईला मात्र इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"राज्य अजून तुझ्यावरच आहे," हुंदक्यांमधून ठमी म्हणाली.

"माझ्यावरच."

तेव्हा तिला आता ठमीजवळून उठता येत नाही. वाचणाऱ्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरात "काही नको" म्हणणारं एखादं गुणाचं पोर असेल, तर हे खाली ठेवा आणि ते कुठे आहे ते बघून या. बसल्या जागेवरून हाक मारू नका. तसं शोधायचं नसतं.