ती गोष्ट सांगायची नाही

"दार लावू नका हो, मी साहेबीण नाही," दाराच्या फटीत पाय घालत ती म्हणाली. "फाईलसुद्धा नाही माझ्याकडे. ही बघा, नुसती पिशवी."

पडदे शिवणाऱ्या बाईने नाइलाजाने दार सोडलं. तिच्या तोंडात लवंग होती. भरदुपारी लवंग कशासाठी चघळतात हे पाहुणीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतः त्या कामी डबेच्या डबे संपवले होते.

व्यसनमुक्ती केंद्रात तिच्या हुद्द्याला 'सोबतीण' म्हणत. या नोकरीला पदवी लागत नाही. आधी पुरतं बुडालेलं असावं लागतं आणि मग वर आलेलं. केंद्रातले शिकलेसवरलेले समुपदेशक थट्टेने म्हणत, "आमचा कोर्स दोन वर्षांचा, तुमचा चौदा वर्षांचा." तीही हसायची. चौदा वर्षं दारूत गेली होती, आणि सुटल्याला आता अकरा होत आली होती.

आज चार वाजता बालकल्याणच्या बाई येणार होत्या. त्याआधी पडदेवाली आपणहून केंद्रात दाखल झाली, तर तिची सात वर्षांची मुलगी तीन महिने मामाकडे राहणार आणि मग परत मिळणार. नाही झाली तर मुलगी बालगृहात. मग कोर्ट, तारखा, आणि परत कधी मिळेल ते देवालाच ठाऊक. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"मी काय दारुडी आहे का?" पडदेवाली मशीनवर हात आपटून म्हणाली. "दिवसभर शिवून पाठ मोडते. घोटभर घेते, झोप लागावी म्हणून. एक ऑर्डर चुकवली असेल तर विचारा!"

"मीही हेच म्हणायचे. बँकेत होते मी. एक दिवस उशिरा गेले नाही, नोकरी जाईपर्यंत."

"तुमची गेली ना? माझं मशीन माझ्या घरात आहे. मला कोण काढणार?"

सोबतिणीने मग नेहमीचा पाढा वाचला: रस्त्यात पडणं, नवऱ्याचं निघून जाणं, हातांचा थरकाप. पडदेवालीने सरळ जांभई दिली. कधी वाया न गेलेली अशी एकच गोष्ट सोबतिणीकडे होती. पण ती पुन्हा सांगायची नाही, असा शब्द तिने तीन आठवड्यांपूर्वी दिला होता. स्वतःच्या मुलीला.

मुलगी आता एकोणतीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. वर्षानुवर्षं चार हात लांब राहिली. नात झाली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. रविवारी दहा ते बारा. त्याच दारात उभी राहून ती म्हणाली होती, "डबा खाताना मैत्रिणीने मला ती गोष्ट सांगितली, आई. कुठल्याशा सभेत ऐकलेली. ती मुलगी म्हणजे मी, हे तिला माहीतही नाही. तू सांगतेस, लोक रडतात, तुझं काम होतं. मला घास गिळेना. ती काय तुझ्या एकटीची गोष्ट आहे? पुन्हा सांगितलीस तर इथे येऊ नकोस."

"नाही सांगणार," आई म्हणाली होती, आणि अगदी मनापासून म्हणाली होती.

अडीचला पडदेवालीची मुलगी शाळेतून आली. एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून आईचा चेहरा निरखत राहिली. काय दिसलं कोण जाणे, तिने काढलेला बूट परत चढवला. "मी शेजारी बसते, आई. तुम्ही बोला आरामात," असं एखाद्या म्हातारीच्या समजुतीने म्हणाली आणि गेली.

हे चेहरा वाचणं पोरांना कोण शिकवतं ते सोबतिणीला चांगलं ठाऊक होतं. रविवारी गेल्या गेल्या नात मांडीवर कशी चढते तेही तिला त्याच क्षणी आठवलं. मग तिने तोंड उघडलं.

"माझी पोर सात वर्षांची होती. बाटली आणायला मी तिलाच पाठवायचे. एकदा जिन्यात पडली. बाटली फुटली, तळहात चिरला. मी धावत गेले, टॉवेल घेऊनच गेले." ती थांबली. "आधी पायरी पुसली. टॉवेल पेल्यात पिळला, काचा गाळून घेतल्या. पोर हात धरून तिथेच उभी. मला म्हणाली, सॉरी आई."



"आणि हात?" पडदेवालीने विचारलं.

"शेजारीण घेऊन गेली दवाखान्यात. मी नाही गेले."

पडदेवालीने अर्धवट शिवलेला पडदा मशीनखालून काढला. त्याची घडी घालता घालता ती एकदम रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "कपडे किती घ्यायचे असतात तिथे?"

चारच्या आत सह्या झाल्या. मामा येऊन भाचीला घेऊन गेला.

सोबतीण केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसली. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण स्वतःच्या पोरीशी ती आयुष्यभराचं खोटं बोलून चुकली होती. आता आणखी एक तिच्याच्याने होईना. तिने फोन लावला.

"आज मी ती गोष्ट सांगितली."

पलीकडे लॅबमधल्या कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"दाखल झाली का ती बाई?"

"झाली. तिची मुलगी सात वर्षांची आहे."

"बरं झालं." मुलीला खरोखरच बरं वाटलं असावं, आवाज मऊ होता. "पण रविवारी येऊ नकोस, आई."

"नाही येत."

फोन बंद झाल्यावर ती रडली. कुणी बघतंय का याची पर्वा न करता रडली, आणि तोंड धुऊन ऑफिसात गेली. कारकून पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावत होता. रविवारी यायला कुणी तयार नसायचं.

"तुम्हाला विचारतच नाही," तो म्हणाला. "तुमचा रविवार नातीचा."

"लिहा माझं नाव."

"बरं. मग बारानंतर लिहू?"

"नको," ती म्हणाली. "दहापासूनच लिहा."