प्रेसवरचा हात

"या तनुजाच्या आई," निरंजन सर माइकवर म्हणाले. "शालनबाई, जरा उभ्या राहा. हात दाखवा सगळ्यांना."

कॉलेजच्या नवउद्योग स्पर्धेला सभागृह भरलं होतं. शालनबाई उभ्या राहिल्या. चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्या हात वर करणार, एवढ्यात स्टेजवरून तनुजा ओरडली, "आई, खाली बस!"

सरांनी हे तिला विचारलंच नव्हतं.

परीक्षक बाईंनी हसून सावरून घेतलं. "सामाजिक उद्योग सुरू करायची प्रेरणा कुठून मिळाली तुला?"

"प्रेरणा नाही मॅडम, राग आला. आईच्या प्रेसला, हात आत गेला की ती थांबवणारा सेन्सर होता. माल कमी निघतो म्हणून सुपरवायझरने तो बंद करून ठेवलेला. वर कंपनी म्हणाली, चूक बाईचीच. मी बनवलेला सेन्सर बंद केला, तर प्रेसच चालू होत नाही."

"पण मग कारखानदार तो विकत घेतील कशाला?"

"बोटं मात्र फुकट घेतात."

कुणी टाळी वाजवली नाही. बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं.

परतताना बसमध्ये शालनबाई भडकल्या. "मला खाली कामून बसवलंस? हात माझा हाय. दाखवायचा का न्हाई, ते मी ठरवीन. त्या मास्तरनं इचारलं न्हाई, पर तू तरी इचारलंस का?"

"चुकलं माझं. आता सेन्सर दाखवायला तूही चल," तनुजा म्हणाली.

पुढे दोघी मिळून वर्कशॉप पालथी घालू लागल्या. बहुतेकांनी फाटकातूनच वाटेला लावलं. शेवटी दादासाहेब नावाच्या एका मालकांनी जुन्या प्रेसवर सेन्सर बसवू दिला. तनुजाने चालू प्रेसखाली लाकडी पट्टी सरकवली. प्रेस जागच्या जागी थांबली.

दादासाहेब हसले. "लाकडाचं काय सांगती, पोरी! मान्साचा हात वळखंल का त्यो? आमाला न्हाई भरवसा."

शेजारच्या प्रेसवरच्या बायका काम थांबवून बघू लागल्या. तनुजा तावातावाने काही बोलणार, तोच शालनबाई पुढे झाल्या. त्यांनी प्रेस चालू केली आणि ती खाली येऊ लागताच डावा हात, पाचही बोटांचा, आत घातला.

"आई!"

प्रेस वरच्या वर थांबली.

शालनबाईंनी हात लगेच काढला नाही. दादासाहेबांची नजर खाली वळेपर्यंत त्यांनी तो तसाच ठेवला.