डाव्या खांद्याची दुनळी

"डोळे मीट, मामलिलो," म्हातारा लेकास नोमालांगाला तिच्या कुळाच्या नावाने हाक मारत म्हणाला. "आता बंदूक खांद्याला लाव. घाई नको. नीट बसली की डोळे उघड आणि मला सांग, नळीच्या टोकावरचा मणी कुठे दिसतो."

नोमालांगाने डोळे मिटले. दुनळी रायफल वजनाला चांगली पाच किलो भरत होती, पण उचलायला तिला कधीच अवघड गेलं नव्हतं. कुंदा उजव्या खांद्यात रुतला, लाकूड गालाला थंड लागलं. तिने डोळे उघडले.

"दोन दिसतात."

"मणी एकच आहे की त्याला," मागून डेरेक म्हणाला.

"एकच आहे. पण मला दोन दिसतात, आणि त्यातला खोटा आहे तो जास्त ठळक आहे."

लेकासने मान हलवली. बुलावायोच्या त्या बोळातल्या दुकानात गेली चाळीस वर्षं तो बंदुका दुरुस्त करत होता. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचं, हा त्याचा नियम. तो म्हणायचा की डोळे उघडे असले की माणूस मान वाकडी करून, खांदा चोरून स्वतःला बंदुकीत बसवतो. डोळे मिटले म्हणजे खरं काय ते कळतं. जोडा पायाला बसला पाहिजे, पाय जोड्याला नव्हे.

ही रायफल मात्र विकायची नव्हती, नोमालांगाला बसते का तेवढं बघायचं होतं. ती डेरेकच्या वडिलांची. ग्वाई नदीच्या बाजूला त्यांचा शिकारीचा तळ होता. परदेशी पाहुणे तिथे रानरेडा मारायला येत, आणि त्यांच्या खांद्यामागे परवानाधारक शिकारी उभा असे. पाहुण्याची गोळी चुकली आणि जनावर अंगावर आलं, तर ते थांबवायचं काम त्या शिकाऱ्याचं. त्यासाठीच ही दुनळी. दोन नळ्या, दोन चाप. पहिली गोळी सुटल्यावर दुसरी भरत बसायला नको, नुसतं बोट मागच्या चापावर सरकवायचं. तेवढ्या फरकावर माणसं जगतात किंवा मरतात.

नोमालांगा त्या तळावर स्वयंपाकघरात लागली, मग माग काढायला शिकली, मग उमेदवार शिकारी झाली, आणि गेल्या वर्षअखेरीस सरकारी परीक्षा पास होऊन तिने परवाना मिळवला. या भागात बाईने असं काही केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. थोरले मालक वारले तेव्हा त्यांच्या स्मरणाच्या जेवणाला डेरेकने सगळ्यांसमोर वडिलांची रायफल तिच्या हातात दिली. तिने रिवाजाप्रमाणे आधी टाळी वाजवली, गुडघा वाकवला, आणि दोन्ही हातांनी ती घेतली. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. कुंद्याजवळच्या पोलादावर सिंहांची नक्षी होती, लाकूड मधासारखं. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढायला रांग लावतील, असं डेरेक म्हणाला होता, आणि ते खरंही होतं.

फक्त एक गोष्ट कुणी विचारली नव्हती. नोमालांगा डावखुरी होती.

विचारणार तरी कोण? डावा हात तिच्याकडे होता हेच लोक विसरले होते. सात वर्षांची असताना तिने आईच्या भावाला, म्हणजे तिच्या मलुमेला, जोबेला, पाण्याचा मग डाव्या हाताने पुढे केला. जोबेने मगाकडे पाहिलं आणि गप्प बसून राहिला. चारचौघांत, रागावला नाही, बोलला नाही, नुसता बसला. तिने हात बदलला तेव्हा त्याने पाणी घेतलं. डाव्या हाताने दिलेलं कुणी घेत नाही, हे तिला त्या दिवशी जे कळलं ते कायमचं. चमचा, झाडू, पेन्सिल, सगळं उजवीकडे गेलं. पुढे बंदूकही.

पण डोळ्याला कोण शिकवणार? माणसाच्या दोन डोळ्यांतला एक धनी असतो, तिचा डावा होता. कागदाच्या निशाणीवर ती तो मिटून नेम धरायची आणि बरोबर मारायची. परीक्षेत तसंच केलं. जनावर अंगावर येतं तेव्हा गोष्ट वेगळी.

गेल्या हिवाळ्यात ते कळलं होतं. जोबे पुढे माग काढत होता, हातात नुसती काठी. माग काढणाऱ्याने जनावर उठलं की बाजूला व्हायचं असतं. उजव्या खांद्याचा माणूस बंदूक घेऊन डावीकडे सहज फिरतो, म्हणून जोबे आयुष्यभर उजवीकडे सरत आला होता; डाव्या खांद्याच्या माणसापुढे हेच उलटं करावं लागतं. विचार करावा लागत नव्हता, पाय आपोआप जात. त्या दिवशी जखमी रेडा झुडपातून निघाला, जोबे उजवीकडे सरला, आणि नोमालांगाने चाप ओढला. गोळी जोबेच्या टाचेमागची माती उडवून गेली. थोरल्या मालकांनी दुसऱ्या बाजूने रेडा पाडला. संध्याकाळी शेकोटीपाशी जोबेने मक्याच्या घट्ट लापशीचा गोळा केला, आंबट दुधात बुडवला, आणि हवेबद्दल बोलला.

आता तो दुकानाच्या दारात बाकड्यावर बसून तपकीर ओढत होता. त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं आणि तो आपणहून येणारा नव्हता. पण येत्या हंगामात तिच्या नळीपुढे चालणार होता तोच.

"डावा डोळा मीट की मग," डेरेक म्हणाला.

"कागदापुढे मिटते. रेडा येतो तेव्हा डोळा माझं ऐकत नाही. भीती वाटली की डावा मालक होतो."

डेरेक हसला, पण वाईट हसला नाही. तो त्याच मातीत वाढला होता, त्यांच्याच भाषेत बोलत होता. लेकासने मध्ये तोंड घातलं. कुंदा गरम तेलाने भिजवून, शिकंज्यात धरून, हळूहळू दुसऱ्या बाजूला वाकवता येतो, असं त्याने सांगितलं. बोटभर वाकला तरी डाव्या खांद्याला बसेल. चाप मात्र उलटेच राहतील, पण त्याची सवय होते.

"बाबांच्या बंदुकीला शिकंजा लावायचा नाही," डेरेक म्हणाला.

लेकास आत गेला. बऱ्याच वेळाने एक कापडी पिशवी घेऊन आला. तिच्यात दुसरी दुनळी होती, काळपट, नक्षी नाही, एका नळीवर काट्याकुट्यांचे ओरखडे. तंबाखूची शेती करणाऱ्या एका डावखुऱ्या माणसाने ती खास करून घेतली होती. शेती गेली, माणूस समुद्रापार गेला, बंदूक लेकासला विकून गेला. तेव्हापासून ती कुणी मागितली नाही. "डावखुरे लोक येतच नाहीत माझ्याकडे," लेकास म्हणाला. "सगळे लहानपणीच दुरुस्त झालेले असतात."

"डोळे मीट," तो पुन्हा म्हणाला.

तिने दुनळी डाव्या खांद्याला लावली. हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. खांदा बुजला, कोपर कुठे ठेवायचं ते कोपराला कळेना. मग कुंदा गालाला लागला आणि तिने डोळे उघडले.

मणी एकच होता, नेमका खाचेच्या मधोमध. जणू तिची वाटच बघत होता.

गावाबाहेरच्या गोळीबाराच्या मैदानावर गाडीने गेले चौघं. लेकासने पुठ्ठ्याचा रेडा उभा केला. नोमालांगाने काळी दुनळी डाव्या खांद्याला लावून पहिला चाप ओढला. रेडा जागचा हलला नाही. दुसऱ्या गोळीने त्याचं शिंग उडालं. तिने पुन्हा काडतुसं भरली. एक गोळी पुन्हा वर गेली, एक पोटात बसली, जिथे लागून काही उपयोग नसतो. खांदा ठणकू लागला. तो खांदा कोवळा होता, त्याने कधी मार खाल्ला नव्हता.

"झालं समाधान?" डेरेकने विचारलं. "आता बाबांची घे."

तिने घेतली. उजव्या खांद्याला लावली, डावा डोळा मिटला, आणि रेड्याच्या छातीत दोन भोकं पाडली, एकमेकांना चिकटून.

डेरेकने नुसते हात पसरले.

"डाव्या खांद्याने चुकले, ते का चुकले मला कळतं," नोमालांगा म्हणाली. "कोपर खाली होतं, बोट घाईत होतं. ते सुधारेल. उजव्याने लागलं, कारण पुठ्ठा माझ्या अंगावर येत नाही."

"हंगाम तोंडावर आलाय, नोमा. पाहुण्यांनी पैसे भरलेत. मी त्यांच्यामागे शिकाऊ माणूस उभा करू?"

"नको करू."

"म्हणजे?"

"म्हणजे ही बंदूक मी घेत नाही."

डेरेकचा चेहरा उतरला. राग नंतर आला, आधी दुसरंच काही आलं. त्या बंदुकीचा मान सगळ्या तळाने पाहिला होता. ती परत आली, तर तेही सगळे पाहणार होते.

"बाबांनी तुला काय कमी केलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही कुठल्या हाताची, आणि मी कधी सांगितलं नाही. आता सांगतेय."

मग डेरेक जे बोलला ते धंद्याला धरून होतं. वाकड्या हाताच्या शिकाऱ्याला तो पाहुणे देणार नव्हता. पंचायतीकडून निरोप येतात, हत्ती मक्याच्या शेतात घुसले, रेडे पाणवठ्यावर बायकांच्या मागे लागले. ते काम तिने करावं. तिथे फोटो नाहीत, बक्षिसी नाही, आणि जनावरं आधीच चिडलेली. तिला वाटलं तर आजही तिने विचार बदलावा.

"हत्ती बघीन मी," ती म्हणाली.

थोरल्या मालकांची रायफल तिने रिकामी केली, नळ्या पुसल्या, आणि गुडघा वाकवून डेरेकपुढे धरली. डावा हात उजव्या कोपराला टेकवलेला, रिवाजाप्रमाणे. मैदानात तिघेच बघणारे होते, पण तिने एकही गोष्ट गाळली नाही. अपमान करायचा असता तर डाव्या हाताने पुढे केली असती, आणि डेरेकला तो अर्थ बरोबर कळला असता. त्याने बंदूक घेतली. घेताना त्यानेही दोन्ही हात पुढे केले.

काळी दुनळी तिने लेकासकडून विकत घेतली. तेवढे पैसे तिने कधीचे बाजूला टाकले होते, कशासाठी ते ठाऊक नसताना.

परतीच्या वाटेवर जोबे तिच्याबरोबर गाडीच्या मागच्या भागात बसला होता. वाऱ्याला पाठ करून त्याने तपकिरीची डबी बंद केली.

"एकदा तुझी गोळी माझ्या टाचेशी गेली," तो म्हणाला.

"हो, मलुमे."

"आणि आता या वयात हात बदलतेस."

"बदलत नाही, मलुमे. होता तो परत घेतेय. तुमच्याकडूनच."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. कदाचित त्याला पाण्याचा मग आठवला असेल, कदाचित नसेलही.

डेरेकने जोबेला मोकळीक दिली होती. त्याला पाहुण्यांबरोबर राहता येत होतं. तिथे दोन वेळचं मटण, वर बक्षिसी, आणि मागे उजव्या खांद्याचे शिकारी, ज्यांच्यासमोर त्याचे पाय आपोआप चालत. जोबेने काही ठरवलं की नाही, कुणाला कळेना. नोमालांगाने विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटत होती. माग काढणाऱ्याशिवाय बंदूकवाला म्हणजे काठीशिवाय आंधळा.

ती रोज सकाळी कोरड्या ओढ्यात सरावाला जाऊ लागली. तळावरचा आचारी तिला बघितलं की ताट उलटं धरायचा. "डावखुऱ्या बाईसाहेब, चहा कपात देऊ की बशीखाली?" ती म्हणायची, "तुझ्या डोक्यावर ओत, चहा तरी गार होईल." खांद्यावर आधी निळं आलं, मग पिवळं, मग कातडी राठ झाली. बोट मागच्या चापावर आपोआप सरकू लागलं. चुकत होतीच. पण चुकलेली गोळी कुठे गेली ते आता तिला आवाज विरायच्या आत कळायचं.

एके दिवशी ती ओढ्यावर पोहोचली तर तिच्याआधी कुणीतरी आलं होतं.

जोबे होता. अंगात जुना लष्करी कोट, हातात काठी. त्याने तिला पाहिलं नव्हतं. तो वाळूवर माग असल्यासारखा वाकून चालत होता, एकटाच, पुढे काहीही नसताना. एका मोपानीच्या झुडपापाशी थबकला. काठीने झुडूप डिवचलं, आणि झटकन उजवीकडे सरला.

सरला आणि थांबला. स्वतःच्या पायाकडे बघून त्याने एक सणसणीत शिवी दिली.

परत मागे गेला. पुन्हा वाकून चालत आला, झुडूप डिवचलं. उजवा पाय अर्धा निघाला होता, तो त्याने मध्येच ओढून धरला. तोल गेला, काठी वाळूत रुतली, तिच्या आधाराने तो कसाबसा उभा राहिला. साठी उलटलेले गुडघे. थोडा वेळ तो तसाच धापा टाकत राहिला. मग परत मागे गेला.

या वेळी तो डावीकडे सरला. वेडंवाकडं, उशिरा, पण डावीकडे.

नोमालांगा झाडाआड उभी राहिली.

"चोरासारखी बघतेस काय?" मागे न वळता जोबे म्हणाला. "पाणी आणलंयस का?"

ती ओढ्यात उतरली. पाण्याची बाटली तिने पुढे केली, आणि त्याने घ्यायच्या आधी हाताकडे पाहिलं. उजवा होता. डावा कोपराला टेकलेला.

"बरं आहे," तो म्हणाला. "बंदूक हवी तिकडे धर. मला पाणी याच हाताने द्यायचं."

"हो, मलुमे."

तो पाणी प्यायला. कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, काठी उचलली, आणि तिच्याकडे पाठ करून तिच्या नळीपुढे जाऊन उभा राहिला. तिने बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं त्याला दाखवलं. त्याने वळून पाहिलंही नाही.

"चल," तो म्हणाला, आणि वाळूवर वाकून चालू लागला.