नळी वाढली

वायू ढवळला की त्यात भोवरे उठतात. मोठ्याचे लहान होतात, लहानाचे आणखी लहान, आणि शेवटी सगळे विरून त्यांची उष्णता होते. मागे उरते ती रेणूंची आंधळी धक्काबुक्की. पण अगदी तळाशी एखादा भोवरा टिकत असला तर? हे दाखवलं तर माझी पीएचडी. नाहीतर बंगलोर सोडून नागपूरला परत, आईने बघून ठेवलेल्या स्थळांकडे. मला त्या स्थळांचीच जास्त धास्ती होती.

प्रयोगशाळेतलं काचकाम निपाणीकडच्या कल्लाप्पाअण्णांचं. वायूची सीलबंद नळी लांब करून द्या, म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. नळीत केसाहून बारीक तार. वायू जरा हलला की नळीशेजारच्या छोट्या स्क्रीनवर आणि भिंतीपलीकडच्या माझ्या कॉम्प्युटरवर रेघ हलायची.

आयुधपूजेच्या दुपारी अण्णा यंत्रांना हळदकुंकू लावून, खोलीला कुलूप घालून आले. चेहरा पडलेला.

"अक्का, नळी वाढली बघा."

"वा! बरं झालं की, अण्णा!"

ते माझ्याकडे बघतच राहिले, मग बनशंकरीची बस पकडायला गेले.

दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटीच कॉम्प्युटरसमोर. रेघ संथपणे चढत होती, उतरत होती. वायू कालपासून स्वस्थ असूनही! मी आनंदाने वेडी झाले. एसटीडी बूथवरून सरांना फोन करून 'सापडलं' म्हणून सांगूनही टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

सुट्टी संपली, अण्णांनी कुलूप काढलं. फरशीवर काचा. तार तेवढी शाबूत, उघड्यावर.

"हे कधी झालं?"

"सांगितलं की तुमाला, नळी वाढली म्हणून. पूजा केलेली वस्तू, फुटली कसं म्हणायचं?"

मी कपाळावर हात मारला. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, आणि मी मराठी घरातली मुलगी! रडूच फुटलं. सरांना आता काय तोंड दाखवणार? आणि रडता रडता मी गारठले. म्हणजे ती तार दोन दिवस खोलीतली हवा मोजत होती. बंद खोली, बंद पंखे, आत कुणी नाही.

आतल्या स्क्रीनवर रेघ अजूनही चढत-उतरत होती.

"उंदीर असंल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, जरा श्वास रोखा."

आम्ही दारातच नाक-तोंड दाबून उभे राहिलो. रेघ चढली, उतरली. सावकाश, झोपलेल्या माणसासारखी. मला भयंकर भीती वाटली.

"कोण आहे?" मी विचारलं.

रेघ सपाट झाली. आता तिघांनीही श्वास रोखला होता.